रशिदाची चालू कामं आणि मी

रोहा, रविवार, दुपारचे साडेतीन

आदरणीय भाईजानना धाकट्या मन्सूरचा सलाम. तुमचा गुडघा कसा आहे, भाभींची साखर उतरली का, पेणला उकाडा आमच्याइतकाच आहे की मोठ्या भावाचं गाव म्हणून थोडा जास्त, ते सविस्तर कळवा. फोन सोडून पत्र का, असं विचाराल. फोन हल्ली रशिदाच्या ताब्यात असतो आणि (राग मानू नका) तुम्हाला त्यावर ऐकूही कमी येतं.

तर बातमी अशी, की तुमची भावजय इंग्रजी बोलायला लागली. आपला अर्शद बर्मिंगहॅमला, त्याची माहिरा सहा वर्षांची, तिला इंग्रजीशिवाय काही येत नाही. दर रविवारी चार वाजता ती व्हिडिओवर येऊन विचारायची, "दादी, व्हॉट आर यू डुइंग?" आणि रशिदा नुसती हसून फोन माझ्याकडे द्यायची. मी सौदीत दम्मामला एकतीस वर्षं पाण्याचा टँकर चालवलेला माणूस, "दादी गुड, दादा गुड" म्हणून वेळ मारून न्यायचो. एकदा फोन बंद झाल्यावर रशिदा ओट्याकडे तोंड करून रडली आणि दुसऱ्याच दिवशी तिने जवळच्या वरसे गावात नमिता टीचरकडे इंग्रजीच्या वर्गाला नाव घातलं.

टीचरचा नियम एकच. हातात जे काम असेल ते करता करता मोठ्याने इंग्रजीत बोलायचं. भाईजान, मी थक्क झालोय. या भाषेत सवयीचं काम वेगळं आणि या घडीला चाललेलं काम वेगळं. रोज मासे साफ करते त्याला एक क्रियापद, पण बोंबील प्रत्यक्ष विळीवर असेल तर त्याच क्रियापदाला "इंग"ची शेपटी. काल फोन आला तेव्हा जे चाललं होतं त्यालाही जागा, उद्या या वेळी जे चाललेलं असेल त्यालाही. साहेबाने केवढा विचार केलाय! आम्ही तिकडे "यू कम, आय गो"वर जन्म काढला.

आता घरात दिवसभर, "आय ॲम वॉशिंग राइस. आय ॲम कटिंग ओनियन. आय ॲम क्रायिंग." बाजारात मालू कोळणीसमोर "आय ॲम थिंकिंग" म्हणाली, तर मालूने घाबरून दोन बांगडे जास्त टाकले. "वैनी, रागावू नको गो, हे घे!" आधी मी हसायचो. मग एक दिवस सकाळपासून नुसता ऐकत बसलो आणि हसू गेलं. दम्मामहून फोनवर "काय चाललंय?" विचारलं की ही म्हणायची, "सगलं ठीक हाय." त्या एका "ठीक"मध्ये एवढी कामं होती, भाईजान! मला खरोखर लाज वाटली. (हे भाभींना वाचून दाखवू नका, त्या लगेच रशिदाला सांगतील.)

पण माझी पंचाईत ऐका. माहिरा माझी चौकशी करते, तेव्हा रशिदा फोन माझ्याकडे वळवून खरं ते सांगते, "ही इज सिटिंग." पुढच्या रविवारी, "स्टिल सिटिंग." गेल्या रविवारी पोरीने विचारलंच नाही. मी चिडलो, तर रशिदा म्हणाली, "बसलेले दिसलात, बसलेलं सांगितलं. उठा, म्हंजे दुसरं सांगीन." तुमच्या सगळ्यांच्या तब्येतीसाठी दुआ करतो.

तुमचा,
मन्सूर

ता. क. कासूच्या तुमच्या वाडीतली आंब्याची कलमं सुकत चाललीत, असं कानावर आलं. पंपाच्या खोलीची चावी मला द्या. मी रशिदाला फोनसकट घेऊन रोह्याहून येत जाईन. पाणी रविवारी चार वाजताच घालायचं, तेव्हा माझ्या हातात पाइप दिसला पाहिजे. माझ्या नातीने मला विसरू नये, भाईजान, एवढंच मागणं.

आणखी एक. पाकीट बंद करणार, तोच फोन आला. रशिदाने दारातूनच ओरडून सांगितलं, "माहिरा, लुक! ही इज रायटिंग!" पोरगी चक्क "दादा!" म्हणून ओरडली. आता फोन टेबलावर उभा आहे आणि ती मला थांबू देत नाही. सांगायचं सगळं संपलंय. तुमचा गुडघा कसा आहे? भाभींची साखर उतरली का? (हे विचारून झालंय, माहीत आहे.) चावी मात्र लवकर पाठवा, पुढच्या रविवारी लिहायला काही उरलेलं नाही. उकाडा आहेच. ती अजून बघते आहे.