कपबशीच्या कंपनांचं संशोधन

५ जानेवारी, सकाळ
आजपासून ही वही संशोधनाला वाहिली. नव्या वर्षाचे बाकीचे संकल्प (फिरायला जाणं, कमी बोलणं, न चिडणं) तूर्त स्थगित. चिडल्याशिवाय हे काम होणार नाही.
प्रश्न: चहा पिताना माझा कप बशीवर वाजतो. का?
उत्तर: वरचा मजला. तिथे दिवाणखान्यात व्यायामाचा क्लास निघाला आहे. धडधाकट माणसं सकाळी सातपासून उड्या मारतात. त्यांचा मास्तर सगळ्यांत उंच उडतो. त्याचं नाव बेडूकराव ठेवलं.
उत्तर आधीच माहीत असल्यामुळे संशोधन लवकर आटपेल.

६ जानेवारी
डुलकीचा फोन. माझ्या पदार्थविज्ञानाच्या तासाला तिसऱ्या बाकावर झोपायचा. आता कंपनांवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेचा प्रमुख आहे. कसं व्हायचं विज्ञानाचं!
सात फेब्रुवारीला त्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन. म्हणाला, सर, फीत-बीत कापायची नाही. तुम्ही यायचं आणि फळ्यावर वर्तुळ काढायचं. नुसत्या हातानं. पहिल्या तासाला काढायचात तसं.
फोन ठेवल्यावर बराच वेळ खिडकीत बसलो. काय दिवस होते! खडू टेकवायचा, शाळेतल्या कवितेची चाल मनात धरायची आणि हात सोडून द्यायचा. चाल संपायची तिथे रेघ रेघेला मिळायची. मग एखादा आगाऊ पोरगा मोठा लाकडी कंपास घेऊन उठायचा, तपासायचा आणि मान खाली घालून जागेवर जायचा. वर्तुळ म्हणजे हातानं म्हटलेली कविता. (वाक्य चांगलं झालं. भाषणात घ्यावं.)
तेव्हा सात तारखेच्या आत हे घर स्थिर झालं पाहिजे. हलत्या घरात राहून चांगला हात बिघडतो.

८ जानेवारी, सकाळ
हिने आजही अर्धाच कप चहा दिला. बशी गायब. विचारलं तर म्हणते, सांडतो हो. मी म्हटलं, सांडतो तो वरच्या माणसामुळे, मग शिक्षा मला का? बेडूकरावाला दे अर्धा कप. म्हणाली, ते चहा घेत नाहीत. म्हणजे हिची चौकशीही करून झाली!
बशी परत आणवली. बशीशिवाय चहा पिणं म्हणजे पायमोज्याशिवाय बूट.
वारंवारता मोजली. घड्याळापेक्षा माझा कवितेवर विश्वास आहे. भुजंगप्रयाताची एक ओळ शाळेच्या चालीवर म्हणायला मला चार सेकंद लागतात, त्यात साठ वर्षांत फरक नाही. एका ओळीत कप वीस वेळा वाजला. सेकंदाला पाच. आकडा हातात आला की माणसाला बळ येतं.

९ जानेवारी
बळ आल्यामुळे वर गेलो. क्लास नुकताच सुटला होता. आकडा तोंडावर फेकला. बेडूकराव म्हणतो, काका, सेकंदाला पाच उड्या कोण मारणार? आम्ही दोन मारल्या तरी जीभ बाहेर येते. मी म्हटलं, एका उडीतून अनेक लहरी निघतात, तुमचं पदार्थविज्ञान कच्चं आहे. म्हणाला, कच्चंच आहे, बसा, पाणी घ्या.
महत्त्वाचं निरीक्षण: पाण्याचा ग्लास त्याच्या घरात सर्वांत जास्त हिंदकळला. सतरंजी भिजली. उगमाजवळ कंपनं तीव्र असणारच!
आणखी एक. तो ग्लासाकडे न बघता माझ्या हाताकडे बघत होता. निरीक्षण कुठे करावं एवढंही या पिढीला कळत नाही.

१२ जानेवारी
फोनवर भूकंप मोजायचं ॲप घेतलं. हातात फोन धरून दिवाणखान्यात उभा राहिलो. काय तो आलेख! नुसती करवत. हिला दाखवला. हिने फोन घेतला, टेबलावर ठेवला. सरळ रेघ. मी उचलला. करवत. हिने ठेवला. रेघ.
फोन आडवा ठेवला की झोपतो, असा याचा अर्थ. डुलकीसारखाच.

१५ जानेवारी
मोठा शोध. हिचा कप वाजत नाही, माझा वाजतो. एकाच टेबलावर! याचं कारण निस्पंद बिंदू. लहर उठते तेव्हा काही जागा जोरात हलतात, काही स्तब्ध राहतात. हिची खुर्ची स्तब्ध जागेवर आहे. चाळीस वर्षं ही चांगली जागा धरून बसली आहे आणि मला पत्ता नाही.
खुर्च्यांची अदलाबदल केली. माझा कप वाजला. हिचा नाही.
निस्पंद बिंदू हिच्याबरोबर सरकला. हे पुस्तकात नाही. स्वतंत्र लेख होईल.

१८ जानेवारी, रविवार
क्लास बंद. वर कोणीही नाही. कप वाजला.
दुपारभर विचार केला. उन्हात तापलेली भिंत संध्याकाळीही ऊब देते. तशी आठवडाभराची कंपनं स्लॅबमध्ये साठतात आणि सुटीच्या दिवशी बाहेर पडतात. माणूस नसताना उड्या मारतो, म्हणजे हा बेडूकराव किती घातक!
ही ओळ लिहिताना अक्षर हललं आहे. पुरावा म्हणून तसंच ठेवतो.

२१ जानेवारी
बिल्डिंगमध्ये आरोग्य सर्व्हे केला. प्रश्न एकच: तुमचा कप वाजतो का? सगळे म्हणाले, नाही.
शास्त्रात कच्ची माहिती जशीच्या तशी घेत नाहीत, ती साफ करावी लागते. स्टीलच्या पेल्यातून पिणारे बाद, त्यांना बशीच नाही. चहा सोडलेले बाद. क्लासला जाणारे बाद, ते मिंधे. तिसऱ्या मजल्यावरचे बाद, लांब पडतात. सेक्रेटरी बाद, कारण तो हसला.
उरलेल्यांमध्ये त्रासाचं प्रमाण शंभर टक्के.
उरलेला एक आहे, असं हिचं म्हणणं. हिला संख्याशास्त्र नाही.

२४ जानेवारी
दाढी करताना हनुवटी कापली. आरसा हलतो.
जेवताना ही म्हणाली, मामंजींची बशीसुद्धा अशीच वाजायची, आठवतं? आठवतं की! वडील ओसरीत बसून चहा घ्यायचे आणि मागून मालगाडी जायची. मी म्हटलं, रुळाला लागून घर, वाजणारच. ही म्हणाली, शेवटची वर्षं ते आपल्याकडे होते, इथे कुठे होते रूळ? मी म्हटलं, आयुष्यभराची सवय अशी सुटते का?
ही म्हणाली, मी त्यांनाही अर्धाच कप द्यायचे.
म्हणजे घराण्यावरच आकस.
मग म्हणाली, एकदा डॉक्टरांना दाखवून येऊ या ना. माझा पारा चढला. कोणाला दाखवायचं? बिल्डिंगला? बिल्डिंगला इंजिनिअर लागतो, डॉक्टर नाही! फार मोठ्यानं बोललो. ही रागावली की भांडी आपटते. आज फार हळू लावली. हळू लावली की मला काही सुचत नाही.

२८ जानेवारी
डुलकीला यंत्र घेऊन बोलावलं. सकाळी सातला आला, बरोबर दोन पेट्या. एक डबी जमिनीला चिकटवली. वर उड्या सुरू झाल्या. पडद्यावर बारीक बारीक उंचवटे. म्हणाला, सर, या त्यांच्या उड्या. दिसतात, पण मुंगीला कळल्या तर कळतील.
यंत्र स्वस्तातलं असणार. सांगितलं त्याला तसं.
मग म्हणाला, सर, डबी जरा हातात धरता? धरली. पडदा भरून गेला! त्यानं आकडा वाचला. सेकंदाला पाच. माझाच आकडा! मी म्हटलं, बघ गाढवा, तुझ्या दोन पेट्यांनी काढलं ते मी भुजंगप्रयातात काढलं. मला वाटलं हसेल. हसला नाही. डबीची वायर गुंडाळत बसला, गुंडाळलेली पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळली.
जाताना दारात हिच्याशी कुजबुजला. माझ्या घरात माझे विद्यार्थी कुजबुजतात!

३० जानेवारी
डुलकीचा फोन. सर, वर्तुळ यंत्रानंच काढू या का? आमच्याकडे एक रोबो आहे. तुम्ही फक्त बटण दाबा.
बटण! कॉलेजच्या फळ्यांवर हयातभर वर्तुळं काढलेल्या माणसानं बटण दाबायचं, लिफ्टमध्ये दाबतात तसं! हात थरथरेपर्यंत ओरडलो. (रागानं.)
संध्याकाळी शांत झाल्यावर युक्ती सुचली. त्याच्याकडे एक खोली आहे, तिची जमीन हवेच्या उशांवर तरंगते. बाहेरून ट्रक गेला तरी आत काटा हलत नाही. गावातली सर्वांत स्तब्ध जागा. वर्तुळ तिथेच काढायचं. आधी तिथेच चहा घ्यायचा, कपबशीतून, भरून. सगळ्यांसमोर. बेडूकरावालाही साक्षीला न्यायचं.
तिथे कप वाजला नाही, तर दोषी बेडूकराव.
पद्धत म्हणून दुसरी बाजू लिहितो: वाजला, तर दोषी मी.
डुलकीला कळवलं. म्हणाला, सर, खरंच करायचंय का हे? मी म्हटलं, प्रयोगाला घाबरतोस आणि प्रयोगशाळा चालवतोस?

५ फेब्रुवारी
सेक्रेटरीला द्यायचा तक्रारअर्ज तयार. निकालाची जागा तेवढी कोरी. भाषण तयार. सराव करत नाही. हलत्या घरात सराव केला तर हाताला वाईट वळण लागायचं.
बेडूकरावाला निमंत्रण दिलं. कशासाठी ते सांगितलं नाही. निर्लज्ज माणूस, खूश झाला. म्हणाला, काका, इस्त्रीचा शर्ट घालून येतो.
हिने माझा कोट काढून ठेवला. बाहीचं बटण स्वतः लावते म्हणाली. लावू दिलं. बटण लहान आहे.

७ फेब्रुवारी, संध्याकाळ
जाऊन आलो.
खोली उत्तम बांधली आहे. भिंतींना स्पंज. आत इतकं शांत की आपलं गिळणं आपल्याला ऐकू येतं. माणसं बरीच होती. डुलकीनं चहा आणून दिला. भरून. मीच तसं सांगितलं होतं.
त्या खोलीत दुसरा कुठलाच आवाज नव्हता.
भुजंगप्रयाताची ओळ मनात म्हटली. वीसच.
कोणी कोणाकडे बघेना. इस्त्रीचा शर्ट पुढे आला, माझ्या हातातून कपबशी घेतली आणि म्हणाला, काका, चहा फार गरम आहे, थांबा जरा. चहा कोमट होता.
मग फळा. खडू टेकवला. चाल धरली. चाल संपली तिथे रेघ जवळपास आली होती, पण वाटेत सगळीकडे दाते. गिअरचं चाक. टाळ्या वाजल्या. फार वेळ वाजल्या. मला टाळ्यांचा इतका राग कधी आला नव्हता.
मी फळ्याजवळ उभा राहिलो, कंपास येईल म्हणून. फळ्याखाली तो लाकडी ठेवलेलाच होता.
तपासायला कोणी उठलं नाही.
भाषण केलं नाही.

८ फेब्रुवारी
खडू सर्दावलेला असू शकतो.

९ फेब्रुवारी
नव्हता.

११ फेब्रुवारी, सकाळ
अक्षर हिचं आहे, मजकूर माझा. ही वही कोणी वाचू नये अशी होती, पण काल लिहायला बसलो तर मलाच वाचता येईना.
डॉक्टर पोरसवदा. त्यानं मला कागदावर गोगलगाईच्या शंखासारखी गोल गोल रेघ काढायला लावली. ज्या माणसानं... असो. कागद बघून म्हणाला, हा हाताचा कंप, वय वाढलं की अनेकांना होतो, घराण्यात असतो. वडिलांना होता का? मी म्हटलं, त्यांच्या घरामागून मालगाड्या... आणि थांबलो. ही शेजारी बसून माझ्या कोटाचं बटण चाचपत होती.
भीतीचं काही नाही म्हणाला. गोळी आहे. पुष्कळांचा कंप गोळीनं कमी होतो, पूर्ण जातोच असं नाही. वर्तुळाचं विचारलं. म्हणाला, कसलं वर्तुळ?
मूर्ख माणूस.
(हे इथे आणखी बरंच बोलले. ते मी लिहिलेलं नाही.)
सेक्रेटरीचा अर्ज फाडला. ही म्हणते, बेडूकरावांची माफी मागा. मी म्हटलं, तो भिजलेली सतरंजी अजून गॅलरीत वाळत घालतो, माझ्या डोळ्यांसमोर, त्याचं काय? (वाळतेय ती आमच्या गॅलरीतली, आमचीच आहे. हे कसला चष्मा लावतात कोण जाणे.) बरं, मागेन. उतरत्या आवाजात.
डुलकीचा फोन होता. फळा पुसायचा नाही असं सगळ्यांनी ठरवलंय म्हणतो. मी ओरडलो, पूस तो आधी! म्हणाला, नाही पुसणार सर, काय करायचं ते करा. पहिल्यांदाच जागा वाटला.
शेवटचं निरीक्षण नोंदवा, असं ही म्हणते. संशोधन अर्धवट टाकू नये, हे माझंच वाक्य मला ऐकवते. नोंदवतो.
सकाळचे सव्वासात. वर उड्या चालू आहेत. बेडूकराव आज विशेष जोरात आहे. माझा कप माझ्यासमोर टेबलावर ठेवलाय, बशीत. वाजत नाही.
अर्धाच भर, असं मीच हिला सांगितलं.