न झालेल्या स्कॅनचा नवस

द्वारका, नवी दिल्ली
मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

ती. इंदूताईस,
नरसूचा साष्टांग नमस्कार.

तुझा फराळ पोचला. चकल्या वाटेत मोडल्या, पण चवीला काही झालं नाही. निम्मा फराळ कुमुदने सोसायटीत वाटला, कारण तिला कौतुक ऐकायला आवडतं. इथे धुरामुळे खिडक्या बंद आहेत. फिरणं थांबलंय, म्हणून मी घरातच येरझाऱ्या घालून तिला वैताग आणतो. तुझ्या गुडघ्याची सूज उतरली का?

गुडघ्याचं विचारताना लाज वाटते, ताई. का, ते सांगायलाच हे पत्र. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही ते बरंच आहे. ओरडून सांगण्यासारखी ही गोष्ट नाही.

माझ्या आजाराचं तुला ठाऊक आहे. रक्ताचा कॅन्सर, पण अगदी सुरुवातीचा. औषध नाही, नुसती पाळत. दर सहा महिन्यांनी सगळ्या अंगाचा एमआरआय काढायचा आणि हाडांत नवा डाग दिसतोय का, ते आधीच्या चित्रांशी ताडून पाहायचं. गेल्या वर्षी मेमध्ये पहिला स्कॅन झाला. तो खरोखरच स्वच्छ होता.

नोव्हेंबरातला झालाच नाही. त्या नळकांड्यात माझी छाती दडपली. हातात रबरी फुगा देतात, घाबरलात तर दाबा म्हणून. मी तीनदा दाबला. मशिन चालवणारी पोरगी ‘अंकल, बस पाँच मिनट और’ म्हणत राहिली आणि मी दवाखान्याचा झगा सावरत बाहेर आलो. चौतीस वर्षं सरकारी कचेरीत लोकांना दमात घेणारा मी! घरी येऊन सांगितलं, सगळं स्वच्छ आहे.

यंदा मेमध्ये तर गेलोच नाही. फाइल घेऊन निघालो, मेट्रोने मंडी हाउसला उतरलो आणि कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याच्या सदनात थालीपीठ खात बसलो. दोन तास काढले आणि परत येऊन तेच सांगितलं. कुमुदला पेसमेकर आहे ना, त्या मशिनजवळ तू नकोस, असं म्हणून तिला मी आधीपासूनच घरी ठेवत होतो. डॉक्टरांना म्हणालो, दुसरीकडे केलाय, रिपोर्ट आणतो.

आणि तू चौऱ्याहत्तराव्या वर्षी दोन्ही वेळा देवीचा डोंगर चढून ओटी भरून आलीस. माझ्या स्वच्छ रिपोर्टसाठी बोललेला नवस फेडलास. दुसऱ्या खेपेला गुडघा गेला. तू पाठवलेली खडीसाखर मी खाल्ली, ताई. तीही कुमुदसमोर, हात जोडून.

गेल्या आठवड्यात रक्ताचे आकडे वाढलेले निघाले. डॉक्टरांनी मधले दोन स्कॅन मागितले. नाहीत म्हणून कबूल करावं लागलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, “आता काही दिसलं, तर ते कालचं की वर्षभरापूर्वीचं, हे मी कसं सांगू?”

काल कुमुदला सगळं सांगितलं. मला वाटलं, रडेल. तिने कागद-पेन आणून माझ्यापुढे ठेवलं. “आधी ताईंना लिहा. पायऱ्या त्या चढल्यात.” एवढंच बोलली. तेव्हापासून जेवायला वाढते, पण बोलत नाही.

शुक्रवारी अकरा वाजता स्कॅन आहे. कुमुद येणार आहे, बाहेरच्या बाकावर बसणार आहे. मला अजूनही त्या मशिनची भीती वाटते आणि काय दिसेल याची त्याहून जास्त. तुला रागवायचं तेवढं रागव. फक्त या वेळी रिपोर्ट स्वच्छ यावा म्हणून नवस बोलू नकोस, ते मागायला मला तोंड उरलेलं नाही. मागायचंच असेल तर एवढंच माग, की फुगा हातात असूनही मी तो दाबू नये. तो नवस फेडायला मी येईन आणि डोंगर मीच चढेन. तू पायथ्याशी बसून राहा, ताई.

तुझा खोटारडा भाऊ,
नरसू