शेवटचा भाग कोण वाचणार

प्रिय वहिनी,

“तू निवडत जा, वाचू दे तिला.” आईचं हे वाक्य तुला आठवत नसेल. आठवण्याचं कारणही नाही, ते तुझ्याबद्दल असलं तरी तुला उद्देशून नव्हतं. वाचनालयाच्या वरच्या खोलीत आपण पहिल्यांदा तो जपानी सिनेमा लावला होता, भिंतीवर पांढरी चादर ताणून. पडद्याखाली पळणाऱ्या इंग्रजी ओळी निम्म्या लोकांना वाचताच येईनात. कुणाचा चष्मा घरी राहिलेला, कुणाचं इंग्रजी कच्चं, आणि आईच्या डोळ्यांनी तर तेव्हाच कुरकुर सुरू केली होती. मला याचा अंदाज होता, म्हणून मी सगळ्या ओळी मराठीत लिहून आणल्या होत्या. मी उभी राहिले आणि वाचायला लागले. थोड्याच वेळात आई म्हणाली, “अगं, बातम्या देतेयस की काय?” सगळे हसले. मीही हसले. मग तिनं माझ्या हातातली पानं काढून तुझ्या हातात दिली आणि ते वाक्य म्हणाली. रागानं नाही, अगदी सहज, स्वयंपाकघरात एखाद्या पोरीच्या हातातून लाटणं काढून घ्यावं तसं. आपल्या क्लबातली कामाची वाटणी तेव्हा ठरली ती ठरलीच. सिनेमा मी शोधायचा, ओळी मी लिहायच्या, आणि अंधारात आवाज तुझा.

तुला अजून वहिनी म्हणते यावर दादा मध्यंतरी कुरकुरला. म्हणाला, “आता ती वहिनी कशी?” मी म्हटलं, मग काय मॅडम म्हणू? तुमचं लग्न कागदोपत्री संपलं, त्याच्या घरी दुसरी बायको आली, स्वभावाला चांगली आहे बिचारी. पण तिला मी अजून ‘अहो’ करते. आई तर ऐकणाऱ्याची पंचाईतच करते. तिला ‘दादाची बायको’ म्हणते आणि तुला ‘आमची सून’. परवा पोस्टमास्तरांनी विचारलं, “म्हणजे दोघी वेगळ्या का?” आई म्हणाली, “अर्थात वेगळ्या. एक त्याची, एक माझी.” मी तिथेच चहाचे कप गोळा करत होते. मग मी कोणाची, असं विचारावंसं वाटलं, पण हातात कप होते.

क्लबाची खुशाली सांगते. आता चादर गेली, खरा पडदा आला. पंखा मात्र अजून तोच. कोणी हळू आवाजात बोलायला लागलं की बंद करावा लागतो, त्यामुळे इराणी सिनेमा असला की आम्ही सगळे घामाघूम. दातांचे डॉक्टर दर वेळी तक्रार करतात, “तुमच्या इराणी सिनेमात काही घडतच नाही हो,” आणि दर वेळी सगळ्यांच्या आधी येऊन पुढची खुर्ची धरतात. पोस्टमास्तर घरून उशी आणतात. शिवणकाम करणाऱ्या काकू दाराशी बसतात, कारण रडू आवरलं नाही तर पटकन बाहेर जाता येतं. मालिका असली की गर्दी जास्त. कोरियन मालिकेचा एक भाग झाला की पुढच्या रविवारपर्यंत जिन्यात, भाजीच्या दुकानात, दवाखान्यात तीच चर्चा. काकूंनी तर एका गिऱ्हाइकाचा ब्लाउज उसवता उसवता तिला अख्खी गोष्ट सांगितली आणि ती बाई सभासद झाली.

एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. आपण दाखवलेल्या एका सिनेमातला तो म्हातारा बाप आठवतो? मुलगी घर सोडून दूर निघते आणि तो फाटकाशी उभा राहून दोनच शब्द बोलतो. इंग्रजीत त्याचं अगदी साधं, काळजी घे अशा अर्थाचं काहीतरी होतं. ‘काळजी घे’ तर आपण वाण्यालाही म्हणतो. त्या दोन शब्दांपायी मी आठवडाभर डोकं फोडत होते. कपडे वाळत घालताना, बँकेत रांगेत उभी असताना, ओठांतल्या ओठांत म्हातारा होऊन बघायची. शेवटी सापडलं. “पोचलीस की कळव.” तू ते वाचलंस आणि खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही. दिवे लागल्यावर पोस्टमास्तर डोळे पुसत तुझ्याकडे आले, म्हणाले, “काय बोललात हो वहिनी तुम्ही!” आणि तू हसून मान खाली घातलीस. तू काही चोरलं नव्हतंस, वहिनी. तू म्हणालीही होतीस, “वन्सं, ओळ तुमची आहे, सांगा ना यांना.” पण हे असं सांगून मिळालेलं कौतुक म्हणजे मागून घेतलेला चहा. तो गोड लागत नाही.

तुझी बदली झाली तेव्हा आपण त्या तीन बहिणींच्या मालिकेच्या ऐन मध्यावर होतो. बंदराजवळ खानावळ चालवणारी आई आणि तिच्या तीन मुली. मोठी हुशार, धाकटी लाडकी, मधली घरात असते एवढंच. तू गेलीस आणि प्रश्न आला, आता वाचणार कोण? काकूंनी प्रयत्न केला. पहिल्याच प्रसंगात त्यांचा गळा भरून आला, आणि पडद्यावर तर खानावळीचं नुसतं भाडं वाढलं होतं. डॉक्टरांनी वाचलं ते दाढा मोजल्यासारखं. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी खुर्चीत बसले, पडद्याच्या डाव्या अंगाला, तुझ्याच जागी, आणि मोठ्या मुलीचं पहिलं वाक्य वाचलं. आई खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “नटी बदलली का गं? आधीची बरी होती.”

लोक इतके हसले की प्रोजेक्टर थांबवावा लागला. आईला कळेना काय झालं. तिची चूक नव्हती. बुबुळामागे नक्की काय झिजलंय ते डोळ्यांचे डॉक्टर चित्र काढून सांगतात, पण तिच्यापुरतं एवढंच की समोर बघितलं की मधोमध एक राखाडी डाग असतो, आणि जे काही दिसतं ते त्याच्या कडेनं. त्या परदेशी बायकांचे चेहरे तिनं कधी नीट बघितलेच नव्हते. तिच्या लेखी त्या सगळ्या जणी, जपानच्या काय नि तैवानच्या काय, तूच होतीस. तू गेलीस तेव्हा तिच्यासाठी एका झटक्यात आख्ख्या आशियातल्या नट्या बदलल्या. यावर मी हसते, बघ, लिहितानाही हसतेय. त्या वेळी मात्र जिन्यात जाऊन उभी राहिले होते.

मग मी हट्टाला पेटले. तुझी नक्कल करून बघितली, ती काही जमली नाही. घरी कपड्यांच्या घड्या घालत वाचायची, तेव्हा आमच्या ह्यांनी दोनदा येऊन विचारलं, कुणाशी भांडतेयस? हळूहळू माझ्या लक्षात आलं की तू नेमकं काय करायचीस. नटीचा खरा आवाज तू आधी कानावर पडू द्यायचीस. तिचं बोलणं, मग एक श्वास, मग मराठी. त्यामुळे भाषा कळली नाही तरी रडणं तिचंच राहायचं आणि शब्द तेवढे आपले व्हायचे. मी घाईघाईनं तिच्या तोंडावर वाक्य टाकायची, जणू पुढच्या रांगेतून कुणीतरी अगोचरपणे सांगतंय. हे तू मला कधी शिकवलं नाहीस. तुलाही ठाऊक नसेल, येत असेल आपसूक. ज्यांना आपसूक येतं त्या माणसांवर जीव जळतो तो यासाठीच.

तो श्वास मी शिकले. आणि मग एका रविवारी बघते तर आई चक्क माझ्याकडे बघत होती. मान किंचित वळवून, टक लावून, संपूर्ण भागभर. माझी तर ओळच चुकली. वहिनी, एवढ्या वर्षांत आईनं माझ्याकडे इतका वेळ कधी बघितलं नसेल. घरी जाताना मी न राहवून विचारलं. ती म्हणाली, “अगं, तुझ्याकडे बघितलं ना, की तो डाग तुझ्यावर बसतो आणि कडेनं पडदा छान दिसतो.” म्हणजे तिला दिसावं म्हणून तिच्या डोळ्यांनी मलाच खोडलं होतं. वाईट वाटायला हवं होतं, पण खरं सांगू, मला तेही चाललं. पुढच्या रविवारी मी खुर्ची थोडी पुढे सरकवली, तिला सोयीचं पडावं म्हणून. तेव्हापासून ती दर वेळी तशीच बसते, तोंड माझ्याकडे करून. ‘नटी बदलली का’ हे तिनं पुन्हा विचारलं नाही.

मागच्या महिन्यात शेवटून दुसरा भाग झाला. खानावळ बंद करायची ठरते, मोठी आणि धाकटी परगावाहून येतात, आई दोघींना कुरवाळत राहते, आणि भांडी घासत असलेली मधली मागे वळूनही न बघता म्हणते, “मी पण इथेच होते, आई.” तुला वाटेल मी ओळ फिरवली. शपथ, नाही. इंग्रजीत तसंच होतं, आणि मी तर लिहिताना ते थोडं सौम्य करता येतंय का तेही बघितलं होतं. मी वाचलं. नटीनंतर एक श्वास सोडून. आणि आपली आई रडली. आपले बाबा गेले तेव्हा ती माझ्यासमोर रडली नव्हती, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं होतं तिनं. तुझ्या गळ्यात पडून रडल्याचं मला नंतर तुझ्याकडूनच कळलं. आणि आता ती माझ्याकडे तोंड करून, पदर तोंडाला न लावता रडत होती. दिवे लागले. काकू तर बाहेरच पळाल्या होत्या. मी पानं सारखी करत बसून राहिले, ती काहीतरी म्हणेल म्हणून.

ती म्हणाली. नाक पुसून म्हणाली, “शेवटच्या भागाला तिला बोलावू या. शेवट तिच्या आवाजात हवा.” टाळ्या पडल्या, वहिनी. दातांच्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे खुर्च्यांचा हिशोब मांडला, पोस्टमास्तर म्हणाले, मी स्टेशनवर घ्यायला जातो. आणि त्याच संध्याकाळी तिनं तुला फोन केला तो माझ्या फोनवरून. तिला आकडे दिसत नाहीत ना, नंबर मीच लावून दिला आणि कॉफी करायला आत गेले. तू येते म्हणालीस हे मला तिच्या आवाजावरूनच कळलं. ती तुला ‘बाळा’ म्हणत होती. मला ती ‘बाळा’ शेवटचं कधी म्हणाली ते मी आठवत राहिले आणि दूध उतू गेलं.

तू हे पाकीट उघडलं असशील ते तुझ्या रजेसाठी पुढे ढकललेल्या शेवटच्या भागाची पानं आली म्हणून. इथे होतीस तेव्हा मी ती दर वेळी आधी द्यायची, तू घरी एकदा वाचून यायचीस. या वेळी पानं नाहीत, हे पत्रच आहे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणतात, कडेनं दिसतंय तेही आता फार काळ राहायचं नाही. म्हणजे पडद्यावरचं जग बघत आईनं ऐकलेला हा बहुधा शेवटचाच शेवट. तुला लहानपणापासून आई नाही हे मला माहीत आहे. माझ्या आईनं तुझ्या डोक्याला तेल लावलं ते तू अजून सांगतेस, तेही माहीत आहे. तुला तिला नाही म्हणता येत नाही, आणि खोटं बोलता तर त्याहून येत नाही. म्हणून तुझं उत्तर काय असेल ते मी हे लिहिण्याआधीच ओळखून आहे. तू मला फोन करशील, ‘वन्सं’ म्हणशील, समजूत घालशील, आणि गाडीत बसशील. तरीसुद्धा मागते. रजा मिळाली नाही म्हण, ताप आला म्हण, काहीही सांग तिला. पण या एका रविवारी तू येऊ नकोस, वहिनी. शेवट मला वाचू दे.

तुझीच, आणि तुझ्यावर जळणारी,
वन्सं