कॅम्प चारचा बचाव

इकॉनॉमिक सिटी, राबिग
शनिवार, १८ जानेवारी २०२५

ती. नाना यांस,
ज्ञानदाचा शि. सा. न. वि. वि.

झेरॉक्सवाल्या पिंकीने फोटो काढून पाठवलेलं तुमचं पत्र पोचलं. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तुम्ही देव्हाऱ्यात ठेवता, त्यामुळे हे कागदावरच बरं. पिंकीला म्हणावं, माझं पत्र जरा मोठ्या अक्षरात छापून दे.

मी ठीक आहे. प्लँटमध्ये नव्या लाइनचे मीटर तपासायचं काम चालू आहे. जेवणाची काळजी करू नका, कुकर घेतला आहे.

तुम्ही नागेशबद्दल दोनदा विचारलं आहे, म्हणून क्रमाने लिहिते. इथल्या कामगार कॅम्पच्या सोळा संघांची फुटबॉलची बाद फेरी सुरू आहे. नागेश कॅम्प चारचा कोच आहे. दिवसा पाइप फिटरांचा फोरमन, शुक्रवारी असरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजानंतर कोच. त्याच्या कंपनीचं काम मार्चमध्ये संपतं, इकामा म्हणजे राहण्याचा परवानाही तेव्हाच. पण इथल्या क्रीडा विभागाला एक कायमचा कोच नेमायचा आहे. ती जागा मिळाली तर तो इथे राहील, नाही तर परत. क्रीडा विभागाची प्रमुख उमामा नावाची सौदी मुलगी आहे, माझ्याच वयाची. ती म्हणते, साखळीत कच्च्या संघांवर कोणीही गोल मारतो. कोच ओळखायचा तो बाद फेरीतल्या बचावावरून. मैदानाचे कॅमेरे मीच बसवले, म्हणून अहवालही तिने माझ्याकडेच दिला. नागेश आमच्या घरात वाढला हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, पहिल्या ओळीत तसं लिही आणि पुढे आकडे लिही.

आकडे असे. दोन सामने, एकही गोल खाल्ला नाही. काल इजिप्शियन इलेक्ट्रिशियनांशी सामना होता. सातव्या मिनिटाला आपल्या स्टॉपरने, म्हणजे मधल्या बचावपटूने, गडहिंग्लजच्या सुमीतने, त्यांच्या दहा नंबरच्या तोंडावर कोपर घातलं. नाक बसलं. दोन दात गवतावर पडले, ते रेफरीने रुमालात घेतले, कार्ड मात्र काढलं नाही. त्यानंतर त्यांच्यातलं कोणी आपल्या गोलच्या वीस यार्डांत आलं नाही. त्याआधीच्या सामन्यातही चौथ्या मिनिटाला समोरच्या संघाचा स्ट्रायकर गुडघा धरून बाहेर गेला होता.

कॅम्पमध्ये सगळे नागेशला वस्ताद म्हणायला लागले आहेत. शालनकाकूंना कळवा, तो खुशीत आहे.

माया आहे तशी राहू द्यावी.
आपली,
ज्ञानदा

*

कोल्हापूर
२२ जानेवारी २०२५

चि. ज्ञानदा हिस,
नानाचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचताना लाइटबिल वाचल्यासारखं वाटतं गं. माणसाचे दात पडले तेही मोजून लिहितेस. तुझी आई असती तर म्हणाली असती, ही पोरगी कुणावर गेली. माझ्यावर नाही, एवढं खरं.

पण वाचून छाती फुगली. पत्र घेऊन आपल्या फुटबॉलवाल्या तालमीच्या कट्ट्यावर गेलो आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. नाग्याने माझं नाव राखलं. बाद फेरीत गोल न खाणारा कोच म्हणजे काय चीज, ते त्या तुझ्या उमामाबाईला बरोबर कळलंय. शालन रोज संध्याकाळी येऊन विचारते, माझ्या पोराचं झालं का. मी सांगतो, झाल्यातच जमा आहे, अहवाल आपल्या ज्ञानाच्या हातात आहे.

तुला एक गोष्ट सांगतो. बचाव गोलसमोर करायचा नसतो. त्यांचा जो सगळ्यात उजवा खेळाडू असेल, त्याला पहिल्या दहा मिनिटांत जमीन दाखवायची. मग बाकीचे दहा जण चेंडू सोडून स्वतःच्या पायाकडे बघत खेळतात. सत्याऐंशीच्या सेमीला मोरे गल्लीचा तो घाऱ्या विंगर, वाऱ्यासारखा पळायचा. सहाव्या मिनिटाला मी त्याच्या नडगीवर असा बसलो की आवाज पॅव्हेलियनपर्यंत गेला. ती ट्रॉफी अजून तालमीत आहे. तो अजून सायकली दुरुस्त करतो, लंगडतो, पण मला बघितलं की हात वर करतो. मनात काही नाही.

हे नाग्याला मी शिकवलं. तो शिकला. तू नीट लिही म्हणजे झालं.

तुझा,
नाना

*

राबिग
शनिवार, २५ जानेवारी २०२५

ती. नाना यांस,
शि. सा. न. वि. वि.

काल सेमीफायनल झाली. कॅम्प चार एक-शून्यने जिंकला.

समोर मचाण बांधणाऱ्यांचा संघ होता. त्यांचा विंगर शारीक, बिहारचा, चोवीस वर्षांचा. पहिल्या आठ मिनिटांत तो सुमीतला तीनदा चकवून गेला. नवव्या मिनिटाला चेंडू त्याच्यापासून दोन मीटर लांब असताना सुमीत दोन्ही पायांनी त्याच्या उजव्या नडगीवर उतरला. दोन्ही हाडं मोडली. एक कातडीबाहेर आलं. माझा कॅमेरा तेव्हा झूम केलेला होता, म्हणून मला हे नक्की माहीत आहे.

मग दोन्ही कॅम्प मैदानात उतरले. मचाणवाल्यांकडे मचाणाचे लोखंडी क्लॅम्प होते. आपल्या एकाची भुवई डोळ्यापर्यंत फाटली, त्यांच्या एकाला चौघांनी खाली पाडून छातीवर लाथा घातल्या. कोणीतरी यल्ला यल्ला, म्हणजे चला चला, ओरडत होतं, मारणाऱ्यांना की सोडवणाऱ्यांना ते कळलं नाही. अठरा मिनिटांनी, कोणालाही बाहेर न काढता, खेळ परत सुरू झाला. नागेश या सगळ्यात हाताची घडी घालून रेषेवर उभा होता.

रात्री मी तिन्ही सामने परत पाहिले, फक्त नागेशकडे बघत. त्याच्या उजव्या खांद्यावर टॉवेल असतो. पहिल्या सामन्यात तो त्याने डाव्या खांद्यावर घेतला आणि चौतीस सेकंदांनी तो स्ट्रायकर पडला. दुसऱ्यात अठरा सेकंदांनी. काल एकवीस. उरलेल्या सगळ्या वेळात, तिन्ही सामन्यांत, टॉवेल एकदाही हललेला नाही.

आज सकाळी राबिगच्या हॉस्पिटलमध्ये शारीकला भेटले. पायात सळई घातली आहे. वर्षभर तरी मचाणावर चढता येणार नाही, म्हणजे कंपनी त्याला घरी पाठवणार. त्याने मला एकच विचारलं, की दीदी, पडायच्या आधीची ती धाव कॅमेऱ्यात नीट आली आहे ना. आली आहे, असं मी सांगितलं. त्याच्या फोनवर पाठवली.

माझा प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ द्या. टॉवेल तुमचा आहे का?

आपली,
ज्ञानदा

*

कोल्हापूर
२९ जानेवारी २०२५

चि. ज्ञानदास,
आशीर्वाद.

हे पत्र कट्ट्यावर वाचलं नाही. पिंकीलाही म्हटलं, छाप आणि विसर.

होय, टॉवेल माझाच. माझ्याआधी माझ्या वस्तादांचा. शब्द बोलला तर रेफरी ऐकतो, टॉवेल कोण बघतो.

आता मी तुला जे सांगतो ते तुझ्या आईलाही सांगितलेलं नाही. सत्याऐंशीला टॉवेल पहिल्यांदा हलला तेव्हा मी बघून न बघितल्यासारखं केलं. तो घाऱ्या पोरगा आदल्या दिवशी माझ्या शेजारी बसून मिसळ खाऊन गेला होता. वस्ताद पाणी द्यायच्या निमित्ताने रेषेवर आले, माझा कान धरला आणि पिळला. पिळत राहिले. कानातून रक्त आलं. तुम्हा सगळ्यांना मी सांगतो ना की कान तापाने गेला, तो तेव्हा गेला. मग टॉवेल दुसऱ्यांदा हलला आणि मी गेलो. आणि खरं लिहू का, त्या पोराचं हाड मोडलं तेव्हा मला बरं वाटलं. कान दुखायचा थांबला.

एवढं सगळं खरं असूनही मी तुला सांगतो, हे अहवालात घालू नको. नाग्या दहा वर्षांचा असताना बाप गेला, माझ्या ताटात जेवला, तुला सायकल त्याने शिकवली. परत आला तर इथं काय करेल? उमामाबाईने गोल विचारलेत ना, गोल लिही. शून्य, शून्य, शून्य. त्यात खोटं काय आहे? जास्तीचं लिहायला तुला कुणी सांगितलंय?

तुझ्या हातात त्याचं घर आहे. बाप म्हणून मागतो.

नाना

*

राबिग
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

ती. नाना यांस,
शि. सा. न. वि. वि.

कानाचं वाचलं. त्याबद्दल काय लिहावं हे मला सुचलेलं नाही, म्हणून आज लिहीत नाही. बाकीचं लिहिते.

तुमचं पत्र मिळाल्यावर तीन दिवसांनी नागेश मला बसथांब्यावर भेटला. मी म्हटलं, टॉवेल पाहिला. त्याने नाकारलं नाही. म्हणाला, ज्ञानाबाई, ही पोरं दहा तास वेल्डिंग करतात, आठवड्यात चाळीस मिनिटं सराव. त्यांना कसला बचाव शिकवू? नानांनी मला एकच धडा दिला, तोच आहे माझ्याकडे. मी सांगितलं, की फायनल टॉवेलशिवाय खेळ, मी त्या सामन्यावरून लिहीन. तो म्हणाला, हे म्हणजे दोर देऊन वर स्टूलही काढून घेतेस. मी म्हटलं, एकाचा पाय आधीच गेला आहे. तो हसला. म्हणाला, नाना उगाच म्हणतात की तू त्यांच्यावर गेली नाहीस.

परवा फायनल झाली. समोर बंदरातले क्रेनवाले, त्यांचा कोच घानाचा एक क्रेन ऑपरेटर. टॉवेल नागेशने बॅगेत ठेवला होता. पहिल्या वीस मिनिटांत सुमीतने बेंचकडे अकरा वेळा पाहिलं. तेवढ्या वेळात आपल्यावर दोन गोल झाले. कोणी कुठे उभं राहायचं, कोणी मागे यायचं, हे आपल्या एकालाही माहीत नव्हतं. तिसऱ्या गोलनंतर सुमीतने कोणाच्या खुणेशिवाय त्यांच्या विंगरवर उडी घेतली, चुकली. तो दुसऱ्यांदा धावला तेव्हा नागेश मैदानात घुसला, त्याने सुमीतला कॉलरला धरून फरफटत बाहेर आणलं आणि सगळ्यांसमोर थोबाडीत दिली. बदली खेळाडू संपले होते. दहा जणांनी खेळून पाच-शून्यने हरलो.

शिट्टी झाल्यावर कॅम्प चारचीच माणसं नागेशवर धावली. अकरा जण मोजता आले. पहिल्याने हेल्मेट त्याच्या तोंडावर मारलं. तो पडल्यावर बोटांवर बूट देऊन उभे राहिले. सुमीत होता त्यात. सिक्युरिटी यायला चार मिनिटं लागली. जबडा दोन ठिकाणी मोडला आहे, तारेने बांधला आहे. उजव्या हाताची तीन बोटंही मोडली आहेत. मी वर कॅमेऱ्याच्या टॉवरवर होते आणि कॅमेरा चालू ठेवला. याचं मला अजून बरं वाटत नाही.

काल अहवाल दिला. त्यात लिहिलं, की तीन सामन्यांत शून्य गोल हे तीन माणसं जायबंदी करून मिळाले आहेत, खूण कोच देत होता, वेळा सोबत जोडल्या आहेत. ते काढून टाकल्यावर या संघाला बचाव नाही, कारण तो शिकवलेलाच नाही. म्हणून या जागेसाठी शिफारस नाही. हेही लिहिलं, की फायनल जाताना दिसत असूनही त्याने स्वतःच्या खेळाडूला थांबवलं, म्हणून त्याच्यावर बंदी घालू नये. उमामाने दोनदा वाचलं. म्हणाली, तू ज्याच्याबरोबर वाढलीस तो हाच ना. मी म्हटलं, पहिल्या ओळीत तसं लिहिलं आहे. जागा घानाच्या कोचला मिळाली.

नागेश वीस तारखेला परत येतो. त्याला जेवता येत नाही, पेज द्या, नळीने घेतो. तालमीच्या चौदा वर्षांखालच्या पोरांचं कोचिंग तुम्ही या वर्षी सोडणार होता आणि ते त्याला द्यायचं तुमच्या मनात असणार. अहवालाची प्रत जोडली आहे. पोरं त्याच्या हाती देण्याआधी ती वाचा. मग काय ते तुम्ही ठरवा.

माझ्यावर रागवायचं असेल तर रागवा, पण पत्र लिहून रागवा.
आपली,
ज्ञानदा

*

कोल्हापूर
३ मार्च २०२५

चि. ज्ञानदा हिस,
आशीर्वाद आहेतच.

अहवाल वाचला. पहिल्या दिवशी फाडला. पिंकीने परत छापून दिला आणि पैसे मागितले नाहीत, यावरून काय ते समज.

नाग्या आला. मी स्टँडवर गेलो होतो. चेहरा ओळखू येईना. शालनने त्याला बघितलं आणि आधी मला शिव्या घातल्या, मग तुला. तू लांब आहेस म्हणून तुझ्या वाटणीच्याही मीच खाल्ल्या. तुझं नाव निघालं की तो भिंतीकडे तोंड करतो. ते लवकर जाईल असं मी तुला खोटं सांगणार नाही.

परवा पोरांची पहिली मॅच होती, बाद फेरीचीच. समोरचा एक बारका, नऊ नंबर, काय पळतो म्हणून सांगू. पाचव्या मिनिटाला माझा हात आपोआप खांद्यावर गेला. शेजारी नाग्या बसला होता. त्याने त्या पट्टी बांधलेल्या हाताने माझ्या खांद्यावरचा टॉवेल ओढला आणि त्यावर बसला. बोलता येत नाही त्याला. चार गोल खाल्ले. पोरं रडत घरी गेली आणि सगळी स्वतःच्या पायांनी गेली.

काल सकाळी मैदानात दोघं गेलो. मी एकाहत्तर वर्षांचा, पन्नास वर्षं स्टॉपर म्हणून मिरवलेला माणूस. पोरांना म्हटलं, आता न मारता कसं अडवायचं ते बघा. आणि ज्ञाना, मला दाखवता आलं नाही. कुठं उभं राहायचं तेच माहीत नाही. नाग्याने चुन्याने रेषा मारल्या, पुसल्या, परत मारल्या. पोरं आमच्या तोंडाकडे बघत उभी.

तर त्या घानाच्या माणसाचे बचाव करणारे चौघे कसे उभे राहतात, त्याची फिल्म पाठव. सावकाश फिरणारी. पहिला हाफ पुरे. नाग्या बघायला बसेल, मी त्याला तू पाठवलीस असं सांगणार नाही. त्याला कळेलच.

कानाबद्दल सुचेल तेव्हा लिही.

तुझा,
नाना