हजार वर्षांच्या अलीकडचा रविवार

गिरगाव,
बुधवार, १३ नोव्हेंबर १९५७

प्रिय आशेर,

प्रभूत सलाम. हे पत्र टपालात न टाकता तुझ्या आईच्या, कौसल्यामावशींच्या, हाती देते आहे. टपालाने आलं तर तू ते न फोडता फळीवर ठेवशील, आणि आई समोर उभी राहिली तर तुला वाचावंच लागेल. शेवटची ओळ वाचून होईपर्यंत तुला चहा द्यायचा नाही, असं मी कौसल्यामावशींना बजावलं आहे. त्या लगेच तयार झाल्या.

मी रागावलेली नाही असं लिहिणार होते, पण ते खोटं होईल. मी चांगलीच रागावले आहे. आपल्या मंडळीत लग्नाची सूचना तीन रविवार वाचतात आणि दर वेळी पाळकसाहेब चष्मा कपाळावर चढवून विचारतात, की या लग्नाला कोणाची रास्त हरकत असेल तर त्याने आता बोलावं. लहानपणापासून मी किती सूचना ऐकल्या असतील! कोणी म्हणून कधी उठलेलं पाहिलं नाही. त्या वेळी पुरुष खोकतात, बायका पदर सारखा करतात आणि पाळकसाहेब पुढच्या गीताचा आकडा सांगतात. आपल्या पहिल्या सूचनेला तसंच झालं. दुसऱ्या रविवारी उठलं कोण, तर साक्षात नवरामुलगा! तू म्हणालास, "मला हरकत आहे, वेळ थोडा आहे," आणि टोपी उचलून चालता झालास. पाळकसाहेबांची मोठी पंचाईत झाली. नवऱ्यानेच हरकत घेतली तर काय करायचं, हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. मागच्या बाकावर कोणीतरी फिदीफिदी हसलं. मुलीचा बाप असूनही अण्णांनी मान खाली घातली नाही आणि मीही घातली नाही. पुढच्या गीताची मी सगळी कडवी म्हटली, आणि नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटली.

तेव्हापासून महिना होत आला. शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या बाया माझ्याशी सुतक असल्यासारख्या हळू आवाजात बोलतात. फक्त फिलोमिनाने, ती खोताच्या वाडीतली कॅथलिक, भूगोल शिकवणारी, सरळ विचारलं की तुमच्यात हे हजार वर्षांचं प्रकरण आहे तरी काय. त्यांच्यात हा वाद नाहीच म्हणे. प्रभू येणार हे नक्की, कधी ते विचारायचं नाही, आणि तोवर घर झाडून ठेवायचं. मला तिचा हेवा वाटला. आमच्या घरी गेला महिनाभर बायबलातल्या प्रकटीकरणाचा विसावा अध्याय, सैतानाला बांधून ख्रिस्त हजार वर्षं राज्य करील तो, ताटाशेजारी उघडा असतो आणि आमटी निवून जाते.

अण्णांचं तुला ठाऊक आहे. ते जुन्या मिशनरींच्या हाताखाली तयार झालेले. त्यांच्या मते हजार वर्षांचं राज्य आपल्याच हातून यायचं आहे, शाळा काढून, दवाखाने काढून, माणसाला माणसासारखं वागवून; जग हळूहळू पिकत जाईल आणि मग प्रभू येईल. दोन महायुद्धं पाहूनही त्यांचा हा विश्वास ढळलेला नाही. परळची रात्रशाळा त्यांनी त्याच हिशेबाने चालवली, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना छत्री घेऊन जायचे तेही त्याच हिशेबाने. पाळकसाहेब म्हणतात, मास्तर, हजार हा आकडा मोजायचा नाहीच मुळी, तो पूर्णतेचा आकडा आहे. ख्रिस्त आजच राज्य करतो आहे आणि सैतान क्रूसापाशीच बांधला गेला. त्यावर अण्णा म्हणाले, "बांधला असेल, पण दावं फार लांब ठेवलंय तुम्ही." पाळकसाहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. हे दोघे तीस वर्षं भांडताहेत आणि दर रविवारी एकाच भाकरीतून प्रभुभोजन घेतात. तू हल्ली ज्यांच्या उपासनेला जातोस त्या माहीमच्या बंधूंकडे ही सोय नाही. तिथे भिंतीवर टांगलेला, तूच रंगवलेला तक्ता एकच.

त्या तक्त्याबद्दलच लिहायचं आहे. तू पाट्या रंगवणारा माणूस. लालबागमध्ये तुझ्या हातची अक्षरं नसलेलं दुकान दाखवा, असं तूच म्हणायचास. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" हे वाक्य तू इतक्या कापडांवर लिहिलंस की तुझ्या नखांतला लाल रंग साबणाने निघेना. गेल्या वर्षीच्या जानेवारीनंतर तू ब्रश टाकलास. समितीची माणसं आली, निवडणुकीचे फलक रंगवून मागू लागली, तू नाही म्हणालास. मी काही विचारलं नाही. वाटलं, काळ जाऊ दे. मग माहीमच्या बंधूंना एक मोठा कापडी तक्ता हवा होता, सृष्टीच्या आरंभापासून नव्या यरुशलेमपर्यंत, आणि तू पुन्हा ब्रश हातात घेतलास तेव्हा मी आनंदाने पेढे वाटायचीच बाकी होते. कोणाला कल्पना, की ज्याची पाटी रंगवायची त्याचाच तू होऊन बसशील! किराणा दुकानाची रंगवलीस तेव्हा नाही झालास वाणी.

मग एकेक ऐकायला मिळू लागलं. जग बिघडतच जाणार, ते सुधारायला जाणं म्हणजे बुडत्या होडीला रंग देणं. प्रभू आज येईल नाहीतर उद्या, आपल्याला मेघांत उचलून घेईल, मग सात वर्षं मोठं संकट आणि त्यानंतर हजार वर्षांचं राज्य. उन्हाळ्यात तापाची साथ आली, ते चिन्ह. रशियाने आकाशात गोळा सोडला, ते तर फारच मोठं चिन्ह. द्वैभाषिक राज्यसुद्धा श्वापदाच्या दहा शिंगांपैकी एखादं असेल, असं मला वाटायला लागलं होतं. मी थट्टा करते आहे, पण प्रभूच्या येण्याची नाही. तो येणार हे मीही मानते. प्रभूने सांगितलं आहे ना, की दोघी जात्यावर दळत असतील, एक घेतली जाईल आणि एक ठेवली जाईल. मी ते वचन तुझ्यासाठी पुन्हा पुन्हा वाचलं. आशेर, तो येईल तेव्हा त्या बायका दळत असतात. जी वर घेतली जाते तीही दळतच असते. दळण टाकून उंबऱ्यात बसलेल्या बाईचं नाव त्या वचनात नाही.

हे सगळं तुला तोंडावर सांगायला मी गेल्या रविवारी माहीमला आले होते. तू पुढे पुरुषांत बसला होतास, मला पाहिलं नाहीस. मी डोक्यावर पदर घेऊन बायकांच्या बाजूला, खांबाआड. उपदेश करणारे बंधू लांब वेताची छडी तक्त्यावरून फिरवत होते. डावीकडे एदेन बाग, मध्ये क्रूस, मग ते सात डोक्यांचं श्वापद. श्वापद तू खरंच उत्तम काढलं आहेस, शेजारच्या बाईचं पोर रडायला लागलं. माझ्या मनात भांडण तयार होतं, शब्द न् शब्द. आणि मग छडी शेवटून दुसऱ्या चौकोनावर गेली, हजार वर्षांच्या राज्यावर.

बंधूंनी सिंह दाखवला, बैलाच्या शेजारी उभा राहून कडबा खाणारा. बाकीचं त्यांनी पाहिलंच नसावं. मी पाहिलं. मागे एक घर आहे, त्याला चाळीसारखा लाकडी कठडा आहे, आणि कठड्याशी एक बाई पाटीवर काही लिहिते आहे. तिला चष्मा आहे. स्वर्गीय राज्यात चष्मा कशाला लागेल रे? तिची वेणी डाव्या खांद्यावरून पुढे घेतलेली आहे आणि हनुवटी जरा जास्तच पुढे आली आहे. ती मी आहे. मला ओळखायला आरसा लागला नाही.

आणि अंजिराच्या झाडाखाली विडी ओढत बसलेला तो माणूस. त्याच्या डाव्या हाताची करंगळी अर्धी आहे. गिरणीत मागावर तुटलेली ती करंगळी अख्ख्या लालबागला ठाऊक होती. तुझ्या शेजारच्या खोलीतला कुशाबा, तुझे फलक खांद्यावर घेऊन सगळ्यांच्या पुढे चालायचा तो. गोळीबार झाला त्या दुपारी फलकाचं एक टोक त्याच्या हातात होतं आणि दुसरं तुझ्या. एवढंच मला माहीत आहे, आणि तेही तुझ्या आईकडून. तू त्यावर आजतागायत एक अक्षर बोलला नाहीस. कुशाबाच्या मर्तिकाला सगळ्यांच्या मागे उभा राहिलास आणि घरी येऊन ब्रश गच्चीवरून खाली फेकून दिलेस. पण तक्त्यावर तू त्याला बसवलंस, अंगावर धडका, भोक नसलेला सदरा घालून, आणि गळ्यातली तुळशीची माळसुद्धा तशीच ठेवलीस. माहीमच्या बंधूंनी जवळ जाऊन पाहिलं तर ते तुला ती पुसायला लावतील, आणि कदाचित त्यालाही. तू पुसू नकोस. त्याला तिथे बसवायचा अधिकार तुला आहे की नाही यावर पाळकसाहेब आणि अण्णा खुशाल आणखी तीस वर्षं भांडू देत. मी त्या खांबाआड तोंडात पदराचा बोळा कोंबून रडले, आणि तयार करून आणलेलं भांडण तिथेच राहिलं.

तेव्हा मला कळलं की तू लग्न मोडलेलंच नाहीस. तू ते पुढे ढकललं आहेस, जिथे कोणी गोळी घालत नाही तिथे. इथे जे हातात धरावं ते समोर कोसळतं अशी भीती तुझ्या मनात बसली आहे. ती भीती खरी आहे, तिला मी हसणार नाही. पण तुझ्या तक्त्यात एक मोठी चूक आहे आणि ती तुला सांगणं माझं काम आहे. सभेत बायकांनी बोलायचं नाही, म्हणून उपासना सुटल्यावर मी बंधूंना बाहेर पायरीवर गाठलं आणि विचारलं, हजार वर्षांच्या राज्यात उठवलेले लोक लग्नं करतील का हो? ते म्हणाले, ताई, नाही, पुनरुत्थानात लग्न करून घेत नाहीत आणि लग्न करून देतही नाहीत, प्रभूचेच शब्द आहेत. शास्त्र त्यांना चोख पाठ आहे, मी मनापासून आभार मानले. म्हणजे बघ, तुझ्याच तक्त्याप्रमाणे त्या कठड्याशी बसलेली बाई तिथे तुझी बायको होऊ शकत नाही. व्हायची असेल तर इथेच, आत्ताच, या गोळीबाराच्या आणि तापाच्या मुंबईत. प्रभू सोमवारी येणार असेल तर त्याआधी रविवार आहेच. आणि अण्णा म्हणतात तशी आणखी हजार वर्षं लागणार असतील, तर त्या कामाला एकटीने सुरुवात करायची माझी इच्छा नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते. काल मी पाळकसाहेबांकडे गेले होते. तिसरी सूचना तुझ्या शब्दाशिवाय वाचायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, साहेब, "वेळ थोडा आहे" ही काही हरकत नव्हे, ते शास्त्रवचन आहे. ते तर तुम्हीसुद्धा मानता. त्यांनी चष्मा पुसला आणि ते कबूल झाले. येत्या रविवारी तिसऱ्यांदा आपली नावं वाचली जातील. मी पहिल्या बाकावर असेन, शेजारी जागा ठेवून. तू आला नाहीस तर मी स्वतः उभी राहून नाही म्हणेन, सोमवारी शाळेत जाईन, आणि प्रभूची वाट बघते आहे असं सांगून तुझी वाट बघत बसणार नाही. हे मी रडून नाही, विचार करून लिहिते आहे. पण मला वाटतं तू येशील. तुला काही बोलायचं नाही, कुठली पाटी रंगवायची नाही, धीटपणाचं सोंग आणायचं नाही. पाळकसाहेब चष्मा वर करून विचारतील, तेव्हा भीती वाटली तर माझा हात धर. आणि फक्त बसून राहा.

प्रभू कधीही येवो, तोवर आणि त्यानंतरही तुझीच,
सगुणा