चांदीच्या राजाचं म्हातारपण

बाबा, तुम्हाला हवं असलेलं ते दुसरं नाणं अखेर मिळालं. शारजाच्या जुन्या बाजारात, चांदीचे दागिने विकणाऱ्या एका इराण्याच्या दुकानात. फ्रान्सचा तोच राजा. पाचव्या वर्षी गादीवर बसला तो सत्तरी ओलांडली तरी उठला नाही, असं तुम्ही म्हणायचात. तुमच्याकडे त्याच्या लहानपणीचं चांदीचं नाणं होतं, गोबऱ्या गालांचं, मानेवर कुरळे केस. "याचा म्हातारा मिळायला हवा," म्हणत दर सुट्टीला तुम्ही फुजैराहून शारजाच्या बाजाराकडे गाडी काढायचात आणि मी शेजारच्या सीटवर. मला नाण्यांचं काही नव्हतं, तुमच्याजवळ बसायला मिळायचं.

एका दिवाळीत आईने तो छोटा राजा टूथपावडरने घासून लख्ख केला. तुमचा आवाज चढलेला मी तेवढाच ऐकला. "अगं, काय केलंस हे! तीनशे वर्षांचा रंग खलास!" आई कसली ऐकते! "मग लक्ष्मीपूजनाला काय काळं नाणं मांडू?" तुम्ही तोंड फिरवलंत, पण संध्याकाळी तांदळावर ते मांडलंत तुम्हीच. पुढच्या दिवाळीला तुम्ही नव्हतात. तेलाच्या टर्मिनलवर ड्यूटीवर असताना छातीत कळ आली आणि त्रेचाळिसाव्या वर्षी सगळं संपलं.

आता दोन्ही नाणी दुबईत, करामातल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर आहेत. नव्यावर ओघळलेले गाल, भला मोठा केसांचा टोप, मागच्या बाजूला तीन मुकुट. तुमची नात आलटूनपालटून बघते. "सेम मॅन? नो वे, आई!" मी म्हणते, अगं, नाक बघ, नाक तेच आहे. मग ती भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे वळते. "अँड आजोबा? हाउ डिड आजोबा लुक व्हेन ओल्ड?" मी तुमच्याहून मोठी झालेय, बाबा. फोटोतले तुम्ही मला धाकट्या भावासारखे दिसता, आणि ते मला सहन होत नाही. मला तुमचं म्हातारपण हवं होतं. तुमची कवळी, तुमची किरकिर, दवाखान्याच्या फेऱ्या, सगळं हवं होतं.

हे पत्र पाठवू तरी कुठे? पण एक सांगायचं राहिलं. गेल्या आठवड्यात मेट्रोत समोर एक गृहस्थ बसले होते, आज तुम्ही असता त्या वयाचे. माझं स्टेशन आलं तरी मी उतरले नाही. बघतच राहिले. शेवटी त्यांनीच विचारलं, "बेटा, हम कहीं मिले हैं क्या?"

मी म्हटलं, "नहीं, अंकल." आणि त्यांचं स्टेशन आल्यावर त्यांची भाजीची पिशवी उचलून दारापर्यंत नेऊन दिली.