टर्नेजचं नाव

१४ नोव्हेंबर १८६४
नदी गोठली. आता वसंतापर्यंत बोट नाही. म्हणजे पत्रं नाहीत आणि बटाटे नाहीत. मला पत्र येण्याचा प्रश्नच नाही, त्यामुळे मी फक्त बटाट्यांसाठी हळहळतो.

सकाळच्या हजेरीला सार्जंट हॅगर्टीने पुकारलं, "टर्नेज, होझिया." मी तोंड उघडणार तेवढ्यात कुणीतरी "हजर" म्हणालं. मग मीही म्हणालो. हॅगर्टीने कागदावरून मान वर केली. "एकदा सांगितलंस तरी कळतं मला, टर्नेज." सगळी रांग हसली. म्हातारा प्रुइट म्हणतो, समोरच्या कड्यावरून आवाज घुमतो. असेल. पण घुमलेला आवाज नंतर येतो — आधी कसा येईल?

१६ नोव्हेंबर
वही गवताच्या गादीत शिवून ठेवतो, म्हणून इथे तरी खरं लिहितो.

माझं नाव एनॉक लेडफर्ड. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरातला. दक्षिणेकडून लढलो, पकडला गेलो, समुद्राकाठच्या कैद्यांच्या तळावर सात महिने चिखलात काढले. मग टूम निघाली — उत्तरेच्या सरकारची शपथ घ्या, निळा कोट घाला, सुटा. आपल्याच माणसांवर गोळी झाडायला लावणार नाहीत, पश्चिमेला सरहद्दीवर धाडतील. धाडलं. आता डकोटा मुलखात, मिसूरी नदीच्या काठी, ज्या सू आदिवासींनी माझं काही वाकडं केलं नाही त्यांच्या जमिनीवर बंदूक धरून उभा आहे. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

शपथ घ्यायला माझी हरकत नव्हती. आईची होती. थोरला भाऊ निळ्या कोटवाल्यांच्या गोळीने गेला. मी निघालो तेव्हा ती म्हणाली, "मेलास तर रडेन. त्यांचा कोट घालून आलास तर दार उघडणार नाही." ती बोलल्याप्रमाणे वागते.

म्हणून मी मेलो. तापाच्या तंबूत माझ्या शेजारी हा टर्नेज होता. त्याला मागे-पुढे कुणी नव्हतं. एका पहाटे तो गेला. प्रत्येकाच्या ब्लँकेटला नावाची चिठ्ठी टाचलेली असे. मी माझी चिठ्ठी त्याला लावली, त्याची मला, आणि त्याच दुपारी शपथेच्या टेबलावर त्याचं नाव सांगितलं. आईला कळेल की पोरगा तुरुंगात मेला, पण इमानाने मेला. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लं मी. निदान कुणाचं नुकसान तरी नाही झालं.

५ डिसेंबर
पारा उणे तीसवर. पहिला मृत्यू — हगवण. जमीन दगडासारखी, कुदळ उडते. डॉक्टरांनी हुकूम दिला की थंडी सरेपर्यंत मृतांना लाकडाच्या वखारीत ठेवा. माझं अक्षर बरं म्हणून नावाच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे. मी "दुसरं काही द्या" म्हणालो. हॅगर्टी म्हणाला, "का रे, घाबरतोस? ते काही चुका काढणार नाहीत."

२५ डिसेंबर
नाताळ. मिठातलं डुकराचं मांस, कडक बिस्किटं, आणि कप्तानसाहेबांकडून प्रत्येकी एक घोट व्हिस्की. वखारीत सहाजण.

प्रुइटने विचारलं, "झोपेत गातोस ते गाणं कुठलं रे, टर्नेज?" म्हटलं, मी गात नाही. मला सूर म्हणजे काय ते ठाऊक नाही. "रोज गातोस की," तो म्हणाला आणि गुणगुणून दाखवलं. ते गाणं मला माहीत होतं. तापाच्या तंबूत टर्नेज तेच गाणं गुणगुणायचा. उरलेलं बिस्किट खिशात घातलं.

११ जानेवारी १८६५
हजेरीला पुन्हा तेच. आता मी मुद्दाम घाई करतो, नाव पुरं व्हायच्या आत "हजर" म्हणतो. तरी ते आधी येतंच. प्रुइटला तो आवाज आता ऐकू येत नाही. हॅगर्टीला येतं — तो माझ्याकडे न पाहता पुढचं नाव घेतो.

२ फेब्रुवारी
स्कर्व्ही — ताज्या भाजीवाचून हिरड्या सडतात. प्रुइटचे तीन दात बिस्किटात राहिले. "उरलेले तुला ठेवतो," म्हणतो. वखारीत एकोणीस.

प्रत्येकाला चिठ्ठी टाचताना मी आधी हात धरून पाहतो. बराच वेळ धरतो. डॉक्टरांनी पाहिलं. "काय शोधतोस तू, टर्नेज?" काही नाही म्हटलं.

३ फेब्रुवारी
लिहूनच टाकतो. नाहीतर वेड लागेल.

त्या पहाटे टर्नेजचा हात गार नव्हता. चिठ्ठी टाचताना माझी बोटं त्याच्या मनगटाला लागली. ऊब होती. ताप निवायला वेळ लागतो, असं मी स्वतःला सांगितलं. मग दोघेजण आले, त्याला उचलून मृतांच्या झोपडीत घेऊन गेले, आणि मी त्यांना थांबवलं नाही. शपथेचं टेबल त्या दुपारपुरतंच उघडं होतं. मी ओरडलो असतो तर चिठ्ठी परत द्यावी लागली असती.

२० एप्रिल
बर्फ वितळला. तीन दिवस नुसती माती खणतोय. सदतीस माणसं, त्यात प्रुइट. त्याच्या फळीवर नाव मी रंगवलं, नीट, दोनदा गिरवून.

९ मे
टपाल आलं. लढाई संपली! आमची बाजू शरण गेली — म्हणजे आता नक्की कुठली बाजू आमची, देव जाणे. माणसं रडली, नाचली. काही नुसतीच बसून राहिली.

मी ठरवलं. कप्तानसाहेबांना सांगायचं. शिक्षा होईल ती होवो. मला माझं नाव हवंय, आई हवीय. दार नाही उघडलं तर दाराबाहेर बसेन. शिव्या तर देईल? तिच्या तोंडच्या शिव्यासुद्धा चालतील मला.

६ जून
कप्तानसाहेब नदीपलीकडच्या मोहिमेवरून काल परतले. आज सांगणार होतो. त्याआधीच बोट आली. पुरवठा, आणि आमच्यासारखेच शपथ घेऊन निळे कोट घातलेले, आणखी एका तुकडीतले माजी कैदी. दुपारच्या उन्हात मैदानावर त्यांची हजेरी झाली. मी बटाट्यांची पोती उतरवत होतो. पाठीमागे त्यांच्या सार्जंटने पुकारलं, "लेडफर्ड, एनॉक."

माझं तोंड उघडलं. पण "हजर" दुसरंच कुणी म्हणालं. तोच आवाज — सबंध हिवाळा माझ्या आधी येणारा.

मी वळलो नाही. पोतं खाली ठेवलं, दुसरं उचललं.

७ जून
तोच आला माझ्याकडे, तबेल्यामागे. वाळून काटकी झालेला, खोकतोय. पण टर्नेजच.

"कसा आहेस, टर्नेज?" म्हणाला. मी गवताच्या भाऱ्यावर बसलो.

तोही शेजारी टेकला. शांत होता. म्हणाला, मृतांच्या झोपडीत तिसऱ्या दिवशी त्याला जाग आली. पहारेकऱ्याने चिठ्ठी वाचून हाक मारली, लेडफर्ड. त्याच्या अंगात नाही म्हणायची ताकद नव्हती. मग लेडफर्डच्या आईचं पत्र आलं.

"'माझ्या लेकरा' असं लिहिलेलं," तो म्हणाला. "मला कुणी कधी म्हटलं नव्हतं रे. मी उत्तर धाडलं. हाताला जखम झालीय, दुसऱ्याकडून लिहून घेतो म्हटलं. पुढे पुन्हा टेबल मांडलं तेव्हा शपथ घेतली, तेही कळवलं."

"ती दार उघडणार नाही तुला."

त्याने खिशातून पत्र काढलं. अक्षर आमच्या पाद्रीबाबांचं, बोलणं आईचं. *कोटाचा रंग मला आता दिसत नाही, बाळा. आणून दे, अक्रोडाच्या सालीच्या पाण्यात बुडवू, म्हणजे गावालाही दिसणार नाही. रागात काय बोलले ते विसर. ये.*

मी तीनदा वाचलं.

"दोन्ही डोळ्यांवर पडदा आलाय तिच्या," तो म्हणाला. "तुला माहीत नव्हतं?"

डॉक्टरांनी त्याला छातीच्या दुखण्यावरून सुट्टी लिहून दिली आहे. परवा बोट परत फिरते, आजाऱ्यांना घेऊन. मी म्हणालो, मी कप्तानसाहेबांना सगळं सांगेन. त्याने पत्र घडी करून खिशात ठेवलं.

"सांग की. मी अडवत नाही. त्यांनी मला बोलावलं तर त्यांच्यासमोर मी तुला एवढंच विचारेन — चिठ्ठी लावताना माझा हात कसा लागला होता तुला?"

८ जून
कप्तानसाहेबांच्या दारात उभा राहिलो, टोपी हातात. ते लिहीत होते. "बोल, टर्नेज."

म्हटलं, बटाट्यांची चार पोती सडकी निघाली.

९ जून
सकाळी बोट सुटली. एनॉक लेडफर्ड घरी गेला.